माडावाचून माडाचे नाव



इ. स. १७६९ च्या ऑक्टोबर महिन्यात कॅप्टन कुक याचे 'एन्डेव्हर' जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागले. नदीच्या एका तीरावर इंग्रज खलाशी, दुसऱ्या तीरावर शस्त्रे घेतलेले माओरी आणि मध्ये पाणी. अशा अवस्थेत बोलावयाचे कोणी आणि कोणत्या भाषेत? जहाजावर तुपाइआ नावाचा एक गृहस्थ होता. ताहितीजवळच्या राइआतेआ बेटावरचा हा पुरोहित; ग्रहताऱ्यांवरून होडी हाकारण्यात निष्णात. कुकने त्याला ताहितीहून बरोबर घेतले होते. न्यूझीलंडची भूमी त्याने पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. पण तो आपल्या भाषेत पलीकडच्या लोकांशी बोलू लागला आणि त्याचे बोलणे त्यांना समजले! ताहिती आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये सुमारे चार हजार किलोमीटर उघडा समुद्र आहे आणि दोन्हीकडच्या लोकांची ताटातूट होऊन तेव्हा कित्येक शतके लोटली होती. ती भेट सुखाची झाली नाही. गोळ्या सुटल्या, माओरी माणसे मेली. परंतु एका समुद्राच्या दोन टोकांना एकच भाषा थोड्याफार फरकाने नांदते आहे, ही गोष्ट त्या दिवशी उघड झाली.

ह्या भाषेतील झाडांच्या नावांविषयी मी आज बोलणार आहे. झाडांची नावे हा विषय वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपसांत बोलण्याचा, असा आपला समज असतो. माझे म्हणणे असे की, ज्या समाजाने आपला इतिहास कागदावर लिहून ठेवलेला नाही, त्याने तो पुष्कळसा झाडांच्या नावांत लिहून ठेवलेला असतो. आणि माओरी लोकांच्या बाबतीत हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

प्रथम थोडा भूगोल. पॅसिफिक महासागराचा नकाशा समोर धरून उत्तरेला हवाई, आग्नेयेला ईस्टर बेट आणि नैर्ऋत्येला न्यूझीलंड असे तीन बिंदू जोडले की एक अफाट त्रिकोण होतो. ह्या त्रिकोणातल्या बेटांवरच्या लोकांना पॉलिनेशियन म्हणतात. त्यांच्या भाषा एका आईच्या लेकी आहेत. 'कर्ण'चे कान आणि 'पर्ण'चे पान जसे ठराविक नियमाने झाले, तसेच नियम ह्या भाषांनाही लागू पडतात. आपल्या केवड्याच्या जातीचे जे झाड त्या बेटांवर सर्वत्र होते त्याला सामोआत 'फाला', ताहितीत 'फारा' आणि हवाईत 'हाला' म्हणतात. असे शब्द शेजारी शेजारी मांडून मूळ शब्द कोणता असावा ह्याचा शोध घेण्याचे मोठे काम ऑकलंड विद्यापीठातील ब्रूस बिग्ज यांनी १९६५ मध्ये आरंभिले. पॉलिनेशियन भाषांचा हा तुलनात्मक शब्दसंग्रह पुढे वाढत गेला. त्यात झाडांच्या नावांचा वाटा लहान नाही.

माओरींचे पूर्वज न्यूझीलंडला पोहोचले ते साधारणपणे तेराव्या शतकात, ताहिती आणि कुक बेटे ह्या बाजूने. निघताना त्यांनी होड्यांतून आपली शेती बरोबर घेतली होती. अळू होते, रताळी होती, कोनफळे होती, दुध्या भोपळा होता, ज्याच्या सालीचे कापड होते ती कागदी तुती होती. माड, केळ, ऊस, विलायती फणस ही त्यांच्या मूळ गावची रोजची झाडे. पण ते ज्या देशाला जाऊन लागले तो देश उष्ण नव्हता. तेथे हिवाळ्यात दहिवर पडते आणि दक्षिणेकडे डोंगर बर्फाने झाकलेले असतात. माड तेथे जगेना, केळ जगेना, विलायती फणसाचे तर नावच नको. अळू, रताळे, कोनफळ, भोपळा आणि कागदी तुती एवढी मंडळी कशीबशी टिकली, तीही उत्तरेकडच्या उबदार भागात. ह्याखेरीज जे अरण्य समोर उभे होते त्यातले बहुतेक झाड न् झाड अनोळखी.

अनोळखी झाडाला माणूस नाव कसे देतो? आपण मेक्सिकोकडून आलेल्या एका काटेरी झाडाच्या शेंगा पाहिल्या, त्या चिंचेसारख्या वाकड्या दिसल्या, आणि त्याला 'विलायती चिंच' म्हणून मोकळे झालो. आपल्याकडे परके झाड आले आणि त्याने आपल्या झाडाचे नाव घेतले. माओरींच्या बाबतीत झाड जागच्या जागी होते. परका माणूस आला होता, आणि त्याच्या तोंडात ज्या झाडांची नावे होती ती झाडे हजारो मैल मागे राहिली होती.

सर्वांत बोलके उदाहरण माडाचे. माडाला पॉलिनेशियात पुष्कळ ठिकाणी 'निउ' म्हणतात. न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवर ताडामाडाच्या कुळातले एकच झाड आपोआप उगवते आणि त्याला माओरी भाषेत 'नीकाउ' म्हणतात. त्याला नारळ लागत नाहीत. लहान लहान लाल फळे लागतात. ह्यावरून एक मजेची व्युत्पत्ती सांगितली जाते. 'निउ' म्हणजे नारळ आणि 'काउ' म्हणजे नुसता, उघडा. म्हणजे पहिले लोक आले, त्यांनी झाडाकडे मोठ्या आशेने वर पाहिले आणि 'छे! नारळ नाहीतच' असे म्हणून त्याला नीकाउ म्हटले. गोष्ट चांगली आहे; लोकांनी रचलेल्या व्युत्पत्ती बहुधा चांगल्याच असतात. परंतु कुक बेटांवर आजही 'नीकाउ' हा शब्द आहे आणि ताहितीत त्याचेच 'निआउ' झाले आहे, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ माडाची झावळी असा आहे. कोकणातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. माडाचा एकेक अवयव म्हणजे घरातली एकेक वस्तू असते. झावळी निराळी, तिचा विणलेला झाप निराळा, करवंटी निराळी, काथ्या निराळा. त्या बेटांवरही असेच होते. घर शाकारावयाचे ते झावळ्यांनी. नव्या देशात घर शाकारावयास ज्या झाडाची पाने उपयोगी पडली त्या अख्ख्या झाडाचे नावच 'झावळी' पडले. म्हणजे नारळ नाही म्हणून हळहळून दिलेले हे नाव नव्हे. ज्याला पावसापूर्वी घरावर छप्पर घालावयाचे आहे अशा माणसाने दिलेले हे नाव आहे.

आणि 'निउ' ह्या मूळ शब्दाचे काय झाले? तो नाहीसा झाला नाही, हेच आश्चर्य आहे. टोंगा बेटांवर आजारी माणूस बरा होईल की नाही हे पाहण्यासाठी नारळ गरगर फिरवीत आणि तो कोणत्या दिशेला तोंड करून थांबतो त्यावरून कौल घेत. न्यूझीलंडात नारळ नव्हता, पण कौल घ्यावयाची गरज काही संपली नव्हती. माओरी भाषेत 'निउ' म्हणजे कौल लावण्याच्या बारक्या काटक्या. पुढे १८६० नंतरच्या दशकात, इंग्रजांशी जमिनीवरून लढाया चालू असताना, ते उआ हाउमेने याने 'पाइ मारिरे' नावाचा नवा धर्मपंथ स्थापन केला. त्या पंथाचे लोक एक उंच खांब रोवून त्याभोवती प्रार्थना करीत. त्या खांबाला ते 'निउ' म्हणत. नारळ सुमारे सहाशे वर्षांपूर्वी डोळ्यांआड झाला होता. त्या खांबाभोवती फिरणाऱ्यांपैकी कितीजणांनी नारळ पाहिला असेल?

आता एक औषधी झाड घेऊ. टोंगा, सामोआ, फिजी ह्या बेटांवर 'कावा' नावाचे पेय पितात हे आपण प्रवासवर्णनांतून वाचलेले असते. ते एका झुडपाच्या मुळ्या कुटून करतात. हे झुडूप मिरीच्या कुळातले, म्हणजे आपल्या नागवेलीचे सख्खे भावंड. न्यूझीलंडात ते नाही. पण त्याच कुळातले दुसरे एक झुडूप तेथील रानात आहे. पान नागवेलीच्या पानासारखेच बदामी, चव तिखट आणि कडवट. माओरींनी त्याला 'कावाकावा' म्हटले. वनस्पतिशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता ह्या लोकांनी झाडाचे कूळ अचूक ओळखले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शब्दाची द्विरुक्ती ही ह्या भाषांची मोठी आवडती युक्ती आहे. आपणही 'लाल' नसले पण त्या वळणाचे असले म्हणजे 'लालसर' म्हणतो; तेथे शब्द दोनदा उच्चारला की पुष्कळदा तेच काम होते.

कावाकावाचे पेय काही झाले नाही, कारण त्यात ती धुंदी नाही. पण औषध म्हणून ह्या झुडपाने घराघरात जागा मिळविली. दात दुखला की पान चावावे, जखमेवर पाने बांधावीत, अंग ठणकू लागले की पाने घालून वाफ घ्यावी, पोटाला काढा द्यावा. रताळ्यांच्या शेतात ओळींमधून ह्याच्या हिरव्या फांद्या जाळून धूर करीत आणि किडींचा बंदोबस्त करीत. घरात मृत्यू झाला की बायका ह्याच पानांची चुंबळ करून डोक्यावर ठेवीत, आणि ती चाल आजही आहे. ह्या झुडपाचे पान एक सुरवंट कुरतडतो, त्यामुळे चाळणीसारखी भोके पडलेली पाने सर्वत्र दिसतात. आपण बाजारात असे पान बाजूला सारू. माओरी वैदू मात्र तेच पान निवडतो. किड्याने जे खाल्ले ते औषधाला उत्तम, असा त्यांचा निर्वाळा आहे.

आता केवड्याकडे येतो. 'फाला', 'फारा', 'हाला' ही नावे मघाशी सांगितली. केवड्याच्या पानांच्या चटया आणि टोपल्या हा बेटावरच्या संसाराचा पायाच. न्यूझीलंडात केवडा नाही. पण लांब पात्यासारख्या पानांची एक वनस्पती उंच झाडांच्या बेचक्यांत वाढते. तिला माओरी 'फाराफारा' म्हणू लागले. आणि ओलसर जमिनीत गठ्ठ्याने वाढणारी, दिसावयास आपल्या घायपातीसारखी पण काटे नसलेली जी दुसरी वनस्पती, तिचे नाव पडले 'हाराकेके'. ह्या नावातला 'हारा' म्हणजे तोच जुना केवडा, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे.

हाराकेकेविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माओरी संसारातून ती काढून घेतली तर मागे फारच थोडे उरते. पात हिरवी असताना चिरून तिच्या टोपल्या आणि चटया विणतात. शिंपल्याच्या धारेने पातीवरचा गर खरवडून काढला की आतून रेशमासारखा चकचकीत वाख निघतो. त्याला 'मुका' म्हणतात. त्याचे दोर वळीत, मासेमारीची जाळी विणीत आणि थंडीत अंगावर घ्यावयाचे झगे करीत. जेथे झाडाच्या सालीचे कापड ऊब द्यावयास अपुरे पडले, तेथे ह्या वाखाने माणसे जगविली असे म्हणण्यास हरकत नाही. पात खुडण्याचा नियम तर आवर्जून सांगण्यासारखा आहे. पातींच्या प्रत्येक पंख्यात मधोमध जो कोवळा कोंब असतो त्याला 'रितो' म्हणतात, तो मूल. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाती म्हणजे आईबाप. ह्या तिघांना हात लावावयाचा नाही. कापावयाच्या त्या बाहेरच्या, आजीआजोबांच्या पाती. केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांना आपण पिले म्हणतो, त्यातलाच हा भाव. पण तेथे त्याचा कायदा झाला. कोंब शाबूत राहिला तर झाड जगते, हे शास्त्र नातेसंबंधाच्या भाषेत सांगितले की लहान मुलीलाही पाठ होते.

विणकाम करणाऱ्या बायकांना सगळी हाराकेके सारखी नव्हे. एकीचा वाख मऊ, दुसरीची पात चिवट, तिसरी वाळल्यावर वळत नाही. आणि प्रत्येकीला नाव. ह्यांपैकी पन्नासांच्या आसपास नामांकित जाती रेने ऑर्चिस्टन नावाच्या बाईंनी खेडोपाडी हिंडून, विणकर बायकांकडून मागून आणून आपल्या बागेत लावल्या आणि पुढे त्या सरकारी संशोधनसंस्थेच्या स्वाधीन केल्या. इंग्रजांच्या लेखी मात्र ही सगळी एकच वस्तू होती. त्यांनी तिला आपल्याकडच्या जवसाचे नाव दिले, कारण विलायतेत दोर आणि कापड जवसाच्या वाखाचे होत असे. जवसाशी तिचा काडीचाही संबंध नाही! म्हणजे नव्या झाडाला उपयोगावरून जुने नाव देण्याची जी रीत माओरींची, तीच इंग्रजांचीही. फरक एवढाच की इंग्रजांनी नाव दिले तेव्हा त्या झाडाला नाव अगोदरच होते. १८२० ते १८४० च्या सुमारास गलबतांच्या दोरांसाठी ह्या वाखाला मोठी मागणी आली आणि वाख देऊन बंदुका घेण्याचा व्यापार जोरात चालला. त्या बंदुकांनी माओरी जमातींनीच एकमेकींची जी कत्तल केली, ती कथा फार दुःखाची आहे आणि आजच्या विषयाबाहेरची.

कागदी तुतीला माओरी भाषेत 'आउते' म्हणतात. ही खरीच बेटांवरून आलेली, पण थंडीने खुरटलेली. कुकच्या माणसांना १७६९ मध्ये उत्तरेकडे बोटांवर मोजण्याइतकीच झाडे दाखविण्यात आली. तिच्या सालीचे कापड इतके थोडे निघे की अंगावर घेण्याचा प्रश्नच नव्हता. लहानशी गुंडाळी करून कानात अलंकार म्हणून घालीत. एकोणिसाव्या शतकात ती तेथून नाहीशी झाली. परंतु पतंग तिच्या सालीचे करीत असल्यामुळे पतंगाला 'मानू आउते', म्हणजे आउतेचा पक्षी, असे नाव पडले होते. झाड गेले, साल गेली, पतंग दुसऱ्या पानांचे होऊ लागले. तरी पक्षी आउतेचाच राहिला.

अशी नावे पुष्कळ आहेत, सर्वांचा परामर्श घेत बसत नाही. हवाईत 'लिमू' म्हणजे समुद्रातले शेवाळ. माओरीत 'रिमू' म्हणजे समुद्रातले शेवाळही आणि ज्याच्या फांद्या पाण्यात डोलणाऱ्या शेवाळासारख्या खाली लोंबतात तो अरण्यातला एक उंच वृक्षही. सुरूच्या झाडाला टोंगात आणि सामोआत 'तोआ' म्हणतात. त्याच्या टणक लाकडाच्या गदा करीत आणि 'तोआ' म्हणजे शूर पुरुषही. न्यूझीलंडात सुरू नाही. 'तोआतोआ' नावाचे दुसरेच झाड आहे, आणि शूराला मात्र अजूनही तोआच म्हणतात. क्वचित जुनी ओळखही निघाली. हवाईत ज्याला 'नाइओ' म्हणतात त्याच जातकुळीचे झुडूप न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर होते. त्याला 'ङाइओ' हे आपले नाव बिनतक्रार मिळाले. त्याची पाने चुरून अंगाला चोळली म्हणजे डास चावत नाहीत.

ह्याच्या उलटही घडले. नव्या देशातल्या झाडांनी भाषेला नवे शब्द दिले. आपण जांभळावरून जांभळा आणि आमसुलावरून आमसुली रंग घेतला. माओरी भाषेत पिवळ्या रंगाला 'कोफाई' म्हणतात, ते वसंतात पिवळ्या फुलांनी लहडणाऱ्या कोफाई झाडावरून. आणि नारिंगी रंगाला 'काराका', ते काराकाच्या पिकल्या फळावरून. ह्या काराकाचा गर खाता येतो, पण आतली बी विषारी. ती जमिनीतल्या भट्टीत दीर्घकाळ शिजवून, मग वाहत्या पाण्यात ठेवून तिचे विष काढीत आणि ती साठवणीचे अन्न म्हणून वापरीत. हे ज्ञान काही एका दिवसात आलेले नाही. ते मिळविताना किती घरांत रडारड झाली असेल त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

झाडे पंचांगाचेही काम करीत. आपला शेतकरी पावशा पक्ष्याची साद ऐकून पेरणीची आठवण करतो. तिकडे पोहुतुकावाला लाल मोहोर आला की समुद्रातली 'किना' नावाची काटेरी खाद्यजात भरली असे समजावयाचे. तेथे तो मोहोर डिसेंबरात येतो, कारण तिकडचा उन्हाळा तेव्हा. ह्या पोहुतुकावाचे एक जुने झाड देशाच्या अगदी उत्तर टोकाला कड्यावर आहे. मृतांचे आत्मे त्याच्या मुळीवरून समुद्रात उतरतात आणि पूर्वजांच्या 'हावाइकी' भूमीकडे परत जातात, अशी श्रद्धा आहे. आणि माओरींचे नवे वर्ष जिच्या उदयावरून मोजतात ती 'मातारिकी' म्हणजे आपली कृत्तिका. १८६७ च्या कायद्याने ज्या देशात माओरी मुलांना इंग्रजीतून शिकविण्याची व्यवस्था केली, त्या देशाने २०२२ पासून ह्या मातारिकीची सार्वजनिक सुट्टी देण्यास आरंभ केला.

त्या १८६७ च्या कायद्याचा मी उल्लेख केला तो मुद्दाम. भाषा शाळेतून गेली की प्रथम काय जाते? 'आई', 'पाणी', 'भाकरी' हे शब्द लवकर जात नाहीत. जातात ती झाडांची नावे. रानात आजीबरोबर हिंडल्यावाचून जे शब्द कानावर पडतच नाहीत, ते शब्द शाळेत बसलेल्या मुलाला मिळणार कोठून? माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या खाव्या लागल्या, हे त्या पिढीच्या लोकांनी पुढे सांगितले आहे. त्यात १९०७ साली माओरी वैदू आणि मांत्रिक यांच्यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्याचा पुरस्कार करणाऱ्यांत माउइ पोमारे यांच्यासारखे स्वतः माओरी असलेले डॉक्टरही होते. साथींनी माणसे मरत असताना भोंदूंचा धंदा बंद व्हावा, ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु भोंदू आणि जाणता यांच्यातला फरक कायद्याच्या कलमाला कळत नाही. हा कायदा १९६२ साली रद्द झाला. त्यापूर्वी जे काही टिकले ते बायकांच्या तोंडी टिकले, आणि विल्यम कोलेन्सो, एल्स्डन बेस्ट यांच्यासारख्यांनी जे टिपून ठेवले तेवढे पुस्तकांत टिकले. पुस्तकांतले ज्ञान म्हणजे वाळविलेले पान. ते ओळखावयास उपयोगी पडते. पण त्यात हात कोठे लावावयाचा नाही, हे कळत नाही.

१९८२ मध्ये माओरी लोकांनी 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, ह्या नावाच्या बालवाड्या काढल्या. तेथे म्हाताऱ्याकोताऱ्यांनी लहान मुलांशी माओरीतच बोलावयाचे. १९८७ मध्ये माओरी ही देशाची राजभाषा झाली. आणि १९९१ मध्ये निरनिराळ्या सहा जमातींच्या वतीने वाइतांगी न्यायाधिकरणापुढे एक दावा दाखल झाला. त्याचा क्रमांक २६२. देशातील मूळ वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे पूर्वापार ज्ञान ह्यांवर माओरींचा अधिकार मान्य करावा, अशी त्यातली मागणी. निकाल यावयास वीस वर्षे लागली; २०११ मध्ये अहवाल बाहेर पडला तेव्हा मूळ दावेदारांपैकी बहुतेक हयात नव्हते. झाडांची मालकी कोणा एकाची, असे न्यायाधिकरणाने म्हटले नाही. पण ज्या लोकांनी एखाद्या वनस्पतीचे आणि तिच्या ज्ञानाचे राखण केले त्यांचे तिच्याशी असलेले नाते कायद्याने जपले पाहिजे, असे मात्र म्हटले.

हे आपल्याला परके वाटावयाचे कारण नाही. जखमेवर हळद लावण्याची युक्ती आपली नवीन आहे असे म्हणून १९९५ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेण्यात आले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुनी पुस्तके पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करविले. आपल्याजवळ पुस्तके होती. ज्यांचे पुस्तक म्हणजे आजी, त्यांनी न्यायालयात काय दाखल करावयाचे? त्या हळदीलाही, बरे का, टोंगात 'एंगा' आणि सामोआत 'लेंगा' म्हणतात. तिची पूड तेथेही अंगाला लावण्यात येई. न्यूझीलंडात हळद नाही, पण 'रेंगा' ह्या शब्दात तिचा पिवळेपणा तेवढा शिल्लक आहे.

शेवटी रताळ्याविषयी. माओरीत त्याला 'कूमरा' म्हणतात. रताळे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. तेथील किनारपट्टीच्या भाषांत त्याला 'कुमार', 'कुमाल' अशा धर्तीची नावे नोंदलेली आहेत. ते पॅसिफिक ओलांडून कसे आले ह्यावर विद्वानांत वाद चालतो, परंतु ते कोलंबसाच्या पूर्वी आले ह्याविषयी फारसा वाद नाही. बी वाहत येऊ शकते. बीबरोबर नाव वाहत येत नाही, ते माणसाच्या तोंडूनच यावे लागते. आपल्याकडे तेच रताळे पोर्तुगीजांच्या गलबतांतून उलट्या दिशेने आले आणि आपण त्याला नाव घरचे दिले. माओरींनी नाव राखले आणि शेती बदलली. उष्ण बेटांवर रताळे बारा महिने जमिनीत राहते. न्यूझीलंडात हिवाळ्यात कुजते. म्हणून त्यांनी त्याचे एकसाली पीक केले, शेतात वाळू आणि खडी टाकून माती ऊबदार केली, आणि कंद साठविण्यासाठी उतारावर छपराची पेवे खणली. त्या पेवांचे खड्डे उत्तरेकडच्या टेकड्यांवर आजही दिसतात.

१८५० नंतर देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांतून अमेरिकेतली मोठाली रताळी आली. ती वजनाला भारी, बाजाराला सोयीची. जुन्या बोटभर जाडीच्या जाती मागे पडल्या. त्यांतल्या काही डग्लस येन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केलेल्या संग्रहात राहिल्या होत्या. पण तो संग्रह सांभाळणे देशात अवघड झाले तेव्हा तो जपानात ठेवण्यात आला. १९८८ मध्ये डेल विहोंगी ह्या माओरी बाई आणि त्यांचे सहकारी जपानला गेले आणि तेथून त्या जातींचे कंद मागून घेऊन परत आले. कंद लहान होते, बाजारात त्यांना कोणी विचारले नसते. आल्यावर ते जमिनीत लावले, आणि त्यांना त्यांच्या जुन्या नावांनी हाक मारावयास पुन्हा सुरुवात झाली.